आठवण न ठेवणारा सर्व्हर

मंडळी, तक्रार साधीच आहे. एका यंत्रावर फाइल बदलली, सेव्ह केली; शेजारच्या यंत्रावर तीच फाइल जुनी दिसते. अर्ध्या-एक मिनिटात आपोआप ठीक होते. तोवर 'मी बदललं', 'मला दिसलं नाही' असा वाद रंगतो, आणि दोघंही खरंच बोलत असतात! हे का होतं, ते १९८०च्या दशकात गेल्याशिवाय कळत नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८५ साली नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, बाजारात आणली. त्या काळी कित्येक वर्कस्टेशनना स्वतःची डिस्क नसे. सर्व्हर पडला की सगळ्यांचं काम अडलं. म्हणून कर्त्यांनी ठरवलं, की कोणी कोणती फाइल उघडली आहे हे सर्व्हरने लक्षातच ठेवायचं नाही. तो पडून पुन्हा उठला, तर क्लायंटने तीच विनंती पुन्हा पाठवायची. निर्णय शहाणपणाचा होता असं आम्ही मानतो. पण कोण वाचतंय हेच ज्याला ठाऊक नाही, तो बदलाची वार्ता कळवणार कोणाला?

म्हणजे विचारायचं क्लायंटने. दर वेळी विचारलं तर नेटवर्क तुंबणार. म्हणून एकदा मिळालेल्या उत्तरावर तो थोडा वेळ विसंबतो. लिनक्सवर ही मुदत साध्या फाइलीसाठी ३ ते ६० सेकंद, डिरेक्टरीसाठी ३० ते ६०. शिवाय एक करार आहे: लिहिणाऱ्याने फाइल बंद केली की बदल सर्व्हरवर पोचलेला असतो, आणि त्यानंतर वाचणाऱ्याने ती उघडली की ताजी विचारणा होते. तेव्हा आधी हेच बघायचं, की त्याने बंद केली का, याने पुन्हा उघडली का? दिवसभर उघडी ठेवलेली लॉग फाइल या करारात बसत नाही.

नवी फाइल दिसतच नाही, हा प्रकार जास्त चकवतो. क्लायंट 'नाही' हे उत्तरसुद्धा जपून ठेवतो. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. इथे तेच शिळं झालेलं असतं. माउंट करताना 'लुकअपकॅशे' पर्याय बदलला की हे थांबतं. 'नोएसी' दिलं तर क्लायंट प्रत्येक वेळी विचारतो, पण काम चांगलंच मंदावतं; आम्ही तो शेवटचा उपाय समजतो. दोघं एकाच वेळी लिहिणार असतील तर फाइलला लॉक लावायचा. लॉक मिळताना लिनक्सचा क्लायंट जुनी प्रत पुन्हा तपासून घेतो.

दुसरी वाट नव्हती असं नाही. कार्नेगी मेलनच्या एएफएसमध्ये सर्व्हर 'बदल झाला की कळवीन' असं वचन द्यायचा. बर्कलेच्या स्प्राइटमध्ये दोन यंत्रांवर एकाच फाइलीचं लिहिणं-वाचणं सुरू झालं, की जपलेल्या प्रती वापरणंच बंद व्हायचं. मात्र या दोघांनाही आठवण ठेवावी लागे, आणि सर्व्हर पडला की ती पुन्हा जुळवावी लागे. २००० साली एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीनेही आठवण ठेवणं पत्करलं. सर्व्हर एखादी फाइल क्लायंटच्या हवाली करतो, आणि दुसरा कोणी लिहायला आला की परत मागवतो. ती हवाली केलेली नसेल, तर तिथेही ३ ते ६० सेकंदांचाच हिशोब चालतो.