स्टीव्हिया : ग्वारानींच्या पानापासून साखरेच्या पर्यायापर्यंत

पॅराग्वेच्या ईशान्येला, ब्राझीलच्या सीमेलगत पसरलेला अमांबाईचा डोंगराळ मुलूख हे स्टीव्हियाचे मूळ घर. तिथले ग्वारानी आदिवासी या झुडपाची पाने ‘येर्बा माते’ या कडवट पेयात आणि औषधी काढ्यांत गोडीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत.

स्वित्झर्लंडमधून पॅराग्वेत येऊन स्थायिक झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ मोइसेस बेर्तोनी यांना १८८७ मध्ये या पानांची माहिती मिळाली, ती स्थानिक जाणकारांकडूनच. १८९९ मध्ये त्यांनी वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि १९०५ मध्ये तिला स्टीव्हिया या प्रजातीत स्थान दिले. पानांचे सुरुवातीचे रासायनिक पृथक्करण करणारे ओविदियो रेबाउदी यांच्यावरून ‘स्टीव्हिया रेबाउडियाना’ हे नाव पडले. १९३१ मध्ये ब्रिडेल आणि लाव्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पानांतून ‘स्टीव्हिओसाइड’ शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याची गोडी साखरेच्या २०० ते ३०० पट भरते.

या शोधाला बाजारपेठ मिळाली ती जपानमध्ये. १९६९ मध्ये सायक्लामेट या कृत्रिम गोडकावर तिथे बंदी आली आणि खाद्यउद्योग पर्याय शोधू लागला. १९७१ पासून स्टीव्हियाचा अर्क तिथे व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागला. लोणची, सुके मासे, शीतपेये अशा अनेक पदार्थांत तो रुळला.

अमेरिकेत मात्र वाट बिकट होती. प्राण्यांच्या प्रजननक्षमतेवर आणि पेशींतील जनुकांवर परिणाम होत असल्याची शंका काही प्रयोगांतून पुढे आली होती. १९९१ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने आयात रोखली. १९९५ पासून केवळ आहारपूरक म्हणून विक्रीला मुभा मिळाली. पुढील चाचण्यांत शुद्ध अर्काबाबतच्या या शंका टिकल्या नाहीत. त्यातील गोड द्रव्यांचे मोठ्या आतड्यातील जिवाणू स्टीव्हिऑलमध्ये रूपांतर करतात, यकृतात त्यावर प्रक्रिया होते आणि ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. या द्रव्यांपासून शरीराला जवळजवळ उष्मांक मिळत नाहीत आणि रक्तातील साखरही वाढत नाही.

२००८ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे, स्टीव्हिऑलच्या हिशेबाने, रोज ४ मिलिग्रॅमपर्यंतचे सेवन सुरक्षित ठरवले. त्याच वर्षी अमेरिकेने, २०११ मध्ये युरोपीय संघाने आणि २०१५ मध्ये भारताने स्टीव्हियापासूनच्या शुद्ध गोडकांना वाट मोकळी केली. ही मान्यता कारखान्यात शुद्ध केलेल्या अर्काला आहे. अमेरिकेत अख्ख्या पानाला किंवा कच्च्या अर्काला गोडक म्हणून अशी मान्यता नाही, कारण त्यांच्या सुरक्षिततेबाबतची माहिती अपुरी मानली जाते. ग्वारानींनी ज्या रूपात हे पान वापरले आणि जगाला दिले, नेमके तेच रूप मान्यतेबाहेर राहिले. या ज्ञानाच्या मोबदल्यात नफ्याचा न्याय्य वाटा मिळावा, ही ग्वारानी समूहांची मागणी आहे.

आरोग्याच्या दृष्टीनेही ‘नैसर्गिक’ हा शिक्का पुरेसा ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी साखरविरहित गोडके वापरू नयेत, अशी सशर्त शिफारस केली. तिच्यात कृत्रिम गोडकांसोबत स्टीव्हियाचाही समावेश आहे. आधीपासून मधुमेह असलेल्या व्यक्तींना ती लागू नाही. साखरेऐवजी स्टीव्हिया वापरल्याने साखरेचे उष्मांक टळतात; दीर्घकाळ वजन आटोक्यात राहण्यासाठी मात्र एकूण आहारातलीच गोडी कमी करावी, असा या शिफारशीचा रोख आहे.