अलेक्झांड्रा पॅलेसचा निवाडा

शोधांचा इतिहास सांगताना लोकांस एक नाव लागते. वाफेचे यंत्र म्हटले की वॅट, बिनतारी संदेश म्हटला की मार्कोनी, आणि दूरचित्रवाणी म्हटली की जॉन लोगी बेअर्ड, असे समीकरण आपण शाळेत असतानाच पाठ केलेले असते. स्मरणशक्तीस ते सोयीचे आहे, न्यायबुद्धीस मात्र तितकेसे नाही. आमच्या व्यवसायात एकाच साक्षीदाराच्या जबानीवर निकाल मागणारा वकील शहाणा समजला जात नाही. म्हणून ब्रिटनमधील दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या वर्षांकडे आम्ही एखाद्या खटल्याकडे पाहावे तसे पाहणार आहोत. अलंकार म्हणून नव्हे, तर तो खरोखरच एक खटला होता म्हणून. त्यात दोन पक्ष होते, सरकारने नेमलेली समिती होती, उभयतांस समान संधी देऊन घेतलेली चाचणी होती आणि अखेर निकालही होता.

खटल्याचे मूळ बेअर्डच्याही आधीचे आहे. १८८४ साली पॉल निपको या जर्मन विद्यार्थ्याने एका छिद्रयुक्त चकतीचे पेटंट घेतले. चकतीवर सर्पिलाकार छिद्रे पाडलेली. ती फिरू लागली की एकेक छिद्र समोरच्या दृश्यावरून एकेक रेषा आखीत जाते आणि त्या रेषांतील उजेड-अंधार विजेच्या कमीअधिक प्रवाहात रूपांतरित करता येतो. पलीकडच्या टोकास तशीच चकती त्याच वेगाने फिरविली की चित्र पुन्हा जुळून येते. हा झाला यांत्रिक मार्ग. दुसरा मार्ग १९०८ साली ए. ए. कॅम्बेल स्विंटन या स्कॉटिश अभियंत्याने ‘नेचर’ या साप्ताहिकास पाठविलेल्या पत्रात सुचविला. फिरती चाके हे काम पुरेशा वेगाने कधीच करू शकणार नाहीत, दोन्ही टोकांस ऋणाग्र किरणांचा उपयोग करावा, असे त्याचे म्हणणे होते. विचार अचूक होता, पण तो अमलात आणण्याची साधने त्या काळी कोणापाशीच नव्हती. एक मार्ग लगेच चालता येण्याजोगा पण पुढे बंद. दुसरा मार्ग लांबवर जाणारा पण पायथ्याशीच दुर्गम. पुढील सर्व वाद या दोन वाक्यांत सामावलेला आहे.

बेअर्ड हा स्कॉटलंडमधील हेलेन्सबर्गच्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा, जन्म १८८८ चा. प्रकृतीने जन्माचा नाजूक, स्वभावाने खटपट्या. मोजे, मुरंबे, साबण असे नाना उद्योग करून झाल्यावर १९२३ साली तो हवापालटासाठी हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी आला आणि तेथे त्याने दूरचित्राचा ध्यास घेतला. चहाचे खोके, बिस्किटांचा डबा, सायकलच्या दिव्याची भिंगे, रफूच्या सुया आणि लाख यांतून त्याचे पहिले यंत्र उभे राहिले. प्रयोगांत विजेचा जबर धक्का बसला, घरमालकाने जागा सोडावयास लावली; पण पठ्ठ्याने हातचे काम सोडले नाही. लंडनमधील सोहो भागात फ्रिथ स्ट्रीटवरील माडीवर २ ऑक्टोबर १९२५ रोजी त्याला एका बोलक्या बाहुल्याच्या मुखवट्याचे छायाप्रकाशासह चित्र दिसले. तो धावत खाली गेला आणि विल्यम टेंटन नावाच्या कचेरीतील पोऱ्यास वर आणून त्याने यंत्रापुढे बसविले. दूरचित्रवाणीवर दिसलेला तो पहिला जिवंत चेहरा. २६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सुमारे ४० सभासदांनी त्याच जागी हे यंत्र पाहिले. चित्र अंधुक होते, थरथरत होते, परंतु चेहरा ओळखू येत होता. जगात हे प्रथम करून दाखविण्याचा मान बेअर्डकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

चित्र दाखविता येणे ही एक गोष्ट आणि ते प्रक्षेपित करण्याचा अधिकार असणे ही दुसरी. १९०४ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये ब्रिटनमध्ये पोस्टमास्तर-जनरलच्या परवान्यावाचून कोणालाही लहरी सोडता येत नव्हत्या. आपल्याकडेही १९३३ च्या भारतीय कायद्याने परवान्यावाचून रेडिओयंत्र नुसते बाळगणेदेखील गुन्हा ठरविले होते. पोस्टात जाऊन परवान्याच्या पुस्तिकेवर तिकीट चिकटवून आणल्याचे ज्येष्ठ वाचकांस आठवत असेल. १ जानेवारी १९२७ पासून बीबीसी ही राजसनदेने स्थापन झालेली संस्था ध्वनिप्रक्षेपणाची एकमेव धनी झाली. त्यामुळे बेअर्डची अवस्था मोठी चमत्कारिक झाली. गाडी त्याची, पण रस्ता दुसऱ्याचा. बीबीसीच्या अभियंत्यांस त्याच्या चित्रांविषयी फारसा विश्वास नव्हता, तर बेअर्डच्या पाठीराख्यांनी वृत्तपत्रांतून आणि पार्लमेंटच्या सभासदांकडून दडपण आणण्यास प्रारंभ केला. अखेर पोस्टमास्तर-जनरल सर विल्यम मिचेल-थॉमसन यांनी मध्यस्थी केली आणि ३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या प्रेक्षपकावरून बेअर्डचे प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाले. आरंभी एकच लहर उपलब्ध असल्यामुळे गाणाऱ्याचे तोंड आधी दिसे व आवाज मागाहून येई! चित्र आणि ध्वनी यांचा संयोग ३१ मार्च १९३० रोजी झाला. त्याच वर्षीच्या जुलैत पिरांदेल्लोची एक एकांकिका दाखविली गेली, १९३१ साली एप्समची डर्बी शर्यत दिसली, आणि २२ ऑगस्ट १९३२ पासून बीबीसीने स्वतःच ही सेवा चालवावयास घेतली.

ही सर्व चित्रे ३० रेषांची होती. तीसच का? कारण नेहमीच्या रेडिओच्या मध्यम लहरींवर त्याहून अधिक तपशील मावतच नव्हता. रेषा वाढवाव्यात तर लहरींचा पट्टा रुंद हवा, पट्टा रुंद हवा तर अतिलघु लहरींकडे वळावयास हवे, आणि अतिलघु लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत म्हणून प्रक्षेपक उंचावर हवा. एका साध्या गरजेपायी सारा डाव नव्याने मांडावा लागणार होता.

तो डाव मांडला हेज येथील ईएमआय कंपनीने. ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया यांच्या एकीकरणातून १९३१ साली ही कंपनी जन्मली होती. तिच्या संशोधनाचा नायक आयझॅक शोएनबर्ग हा रशियातून आलेला अभियंता. अॅलन ब्लुमलाइन, टेडम, मॅकगी अशी तरुण माणसे त्याच्या हाताखाली होती. मार्कोनी कंपनीचे प्रक्षेपणकौशल्य १९३४ साली त्यांस येऊन मिळाले. कॅम्बेल स्विंटनने नुसते कल्पिलेले त्यांनी काचेच्या नळीत उतरविले. त्यांच्या ‘एमिट्रॉन’ कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदी पटलावर दृश्याचा प्रकाश विद्युत्भाराच्या रूपाने साठून राही आणि ऋणाग्र किरणांचा झोत तो टिपून घेई. फिरणारे चाक नाही, घरघर नाही. अमेरिकेत झ्वोरिकिन याच दिशेने काम करीत होता, हेही येथे नमूद करावयास हवे. कोणताही मोठा शोध एका देशाच्या सातबाऱ्यावर चढत नाही.

मे १९३४ मध्ये सरकारने लॉर्ड सेल्सडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे सेल्सडन म्हणजे पूर्वीचे पोस्टमास्तर-जनरल मिचेल-थॉमसनच. जानेवारी १९३५ मध्ये आलेल्या अहवालाने कमीत कमी २४० रेषांची नियमित सेवा सुरू करावी, ती बीबीसीने चालवावी आणि लंडनच्या केंद्रावर बेअर्ड कंपनी व मार्कोनी-ईएमआय या दोहोंच्या पद्धती आळीपाळीने चालवून पाहाव्यात, असे सुचविले. बेअर्ड कंपनीने २४० हाच आकडा धरला. शोएनबर्गने मात्र ४०५ रेषा जाहीर केल्या. तेव्हा असे चित्र त्याच्या प्रयोगशाळेतही सिद्ध झालेले नव्हते. सगळी मिळकत एका दाव्यावर लावण्यासारखेच हे धाडस होते.

जागा निवडली ती उत्तर लंडनच्या टेकडीवरील अलेक्झांड्रा पॅलेसची. १८७३ साली उघडून सोळाव्या दिवशीच जळालेला आणि पुन्हा बांधलेला हा अवाढव्य प्रासाद समुद्रसपाटीपासून ३०० फुटांवर उभा, त्यावर आणखी ३०० फुटांचा मनोरा. आत दोन पक्षांची दोन दालने. २ नोव्हेंबर १९३६ रोजी दुपारी तीन वाजता जगातील पहिल्या नियमित उच्चदर्जाच्या सेवेचे उद्घाटन झाले. नाणेफेकीत बेअर्ड कंपनीस पहिली पाळी मिळाली. तेच समारंभ, तीच भाषणे, अॅडेल डिक्सनचे तेच गीत पुन्हा दुसऱ्या दालनात दुसऱ्या पद्धतीने पार पडले. पाहणारे किती? लंडनमध्ये त्या दिवशी यंत्रे होती काही शेच, आणि एकेकाची किंमत शंभर गिनींच्या घरात. तेवढ्यात लहानशी मोटार येत असे. व्यासपीठावरील मान्यवरांत बेअर्डला स्थान नव्हते. त्याच्या नावाच्या कंपनीतही त्याची सत्ता तोवर उरली नव्हती.

पुढील तीन महिने एक आठवडा बेअर्डचा, एक मार्कोनी-ईएमआयचा. बेअर्डच्या दालनातील मुख्य कॅमेरा प्रत्यक्षात चलच्चित्राचा होता. दृश्य फिल्मवर घ्यावयाचे, ती ओली असतानाच रसायनांच्या टाक्यांतून काढून धुवावयाची आणि मग तिचे चित्र प्रक्षेपित करावयाचे. त्यामुळे ‘प्रत्यक्ष’ म्हणून दिसणारी गोष्ट सुमारे एक मिनिट शिळी असे. कॅमेरा जमिनीस खिळलेला. निवेदक वेगळ्या खोलीत अंधारात बसून फिरत्या झोतापुढे तोंड करी. शेजारच्या दालनात मात्र एमिट्रॉन हवा तिकडे वळत होता, दाराबाहेर जाऊन बागही दाखवीत होता. त्यातच ३० नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनचा क्रिस्टल पॅलेस आगीत भस्मसात झाला आणि तेथील बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळांचा फार मोठा भाग त्यात गेला. फेब्रुवारी १९३७ च्या आरंभी निकाल जाहीर झाला: यापुढे ४०५ रेषांची एकच पद्धत.

हा निकाल न्याय्य होता काय? आमचे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे. दोघांस एकच केंद्र, एकच लोकवर्गणीची तिजोरी, एकाच प्रतीचे कलावंत दिले गेले होते. हरणाऱ्यास आपली बाजू मांडण्यास अवसर मिळाला नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. सहा महिने चाचणी चालली असती तरी फळ बदलले नसते, कारण उणीव कौशल्याची नव्हती, मार्गाची होती. परंतु न्याय्य निकाल देणे आणि पराभूताची बूज राखणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत. बेअर्डने १९२६ पासून दारे ठोठावली नसती तर बीबीसीने, पोस्टखात्याने आणि पार्लमेंटने हा प्रश्न इतक्या लवकर हाती घेतलाच नसता. समिती नेमण्याची वेळ त्याच्या तगाद्याने आली, आणि त्या समितीच्या मार्गानेच त्याची पद्धत बाहेर पडली. त्याला उद्घाटनाच्या दिवशी एक खुर्ची देण्यास कोणताही कायदा आड येत नव्हता.

निकालानंतर सेवा झपाट्याने वाढली. १२ मे १९३७ रोजी सहाव्या जॉर्जच्या राज्यारोहणाची मिरवणूक हाइड पार्क कॉर्नरवरून तीन कॅमेऱ्यांनी दाखविली. अॅबेच्या आत मात्र कॅमेऱ्यास मज्जाव होता. मग विम्बल्डन आले, लॉर्ड्सवरचा कसोटी सामना आला, आणि १९३८ च्या सप्टेंबरअखेर म्युनिकहून परतलेले चेंबरलेन विमानतळावर कागद दाखविताना लोकांनी घरबसल्या पाहिले. १९३९ पर्यंत यंत्रांची संख्या सुमारे २०,००० झाली.

१ सप्टेंबर १९३९ रोजी सेवा एकाएकी बंद पडली. मिकी माउसचे चित्र मध्येच तोडले आणि युद्धानंतर त्याच जागेपासून पुढे सुरू केले, अशी एक गोड आख्यायिका आहे. पुरावा तिच्या विरुद्ध जातो: चित्र पूर्ण दाखविले गेले, त्यानंतर चाचणीच्या खुणाही काही वेळ झळकल्या, आणि मग निरोपाचा शब्दही न उच्चारता पडदा काळा झाला. प्रक्षेपकाच्या लहरी शत्रूच्या विमानांस वाट दाखवितील, हे एक कारण. या शास्त्रातील माणसे रडारसाठी हवी होती, हे दुसरे. १९४१ मध्ये अलेक्झांड्रा पॅलेसचाच प्रक्षेपक जर्मन विमानांचे मार्गदर्शक संकेत बिघडविण्यास वापरला गेला. रडारच्या चाचणीवर असतानाच ७ जून १९४२ रोजी विमान कोसळून ब्लुमलाइन मृत्यू पावला. त्याचे वय अवघे ३८ होते.

योगायोग असा की बरोबर चार वर्षांनी, ७ जून १९४६ रोजी, सेवा पुन्हा सुरू झाली आणि तेच मिकीचे चित्र पुन्हा दाखविले गेले. युद्धकाळात बेअर्ड स्वखर्चाने घरीच रंगीत चित्रांवर काम करीत होता. १९४४ साली त्याने रंगीत चित्र दाखविणारी नळीही करून दाखविली, आणि तीत फिरती चकती नव्हती. ज्या मार्गाने त्याला हरविले, त्याच मार्गावर तो निमूटपणे येऊन चालू लागला होता. सेवा पुन्हा सुरू झाल्यानंतर आठवडाभराने, १४ जूनला, तो वारला. १९५३ साली राणीच्या राज्यारोहणास कॅमेरा अॅबेत शिरला आणि सुमारे दोन कोटी लोकांनी तो सोहळा पाहिला. ४०५ रेषांचे प्रक्षेपण १९८५ पर्यंत टिकून राहिले.

मग दूरचित्रवाणीचा जनक कोण? आमच्या मते हा प्रश्नच सदोष रीतीने मांडलेला आहे. दृश्य दूरवर नेता येते हे बेअर्डने लोकांच्या डोळ्यांस पटविले. ते कसे न्यावे हे शोएनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठरविले. आणि दोघांची बाजू ऐकून घेण्याची सोय एका सार्वजनिक संस्थेने केली. लोक पहिल्याचे नाव घेतात, दुसऱ्याच्या पद्धतीने अर्धे शतक चित्रे पाहत आले आणि तिसऱ्यास वर्गणी भरून विसरून गेले. वारसाहक्काच्या दाव्यात एकाच पुत्राच्या नावे सारी इस्टेट करून देणारा निवाडा अपिलात टिकत नाही. इतिहासाच्या न्यायालयातही तो टिकू नये.