विम्बल्डनचा दुसरा इतिहास : ॲलन बॅट्सफर्ड आणि लीगचे बंद दार

विम्बल्डन म्हटले की टेनिस आठवते. परंतु दक्षिण लंडनच्या याच उपनगरात, प्लाऊ लेन नावाच्या साध्याशा मैदानावर, १९७४ ते १९७७ या तीन वर्षांत एका छोट्या फुटबॉल क्लबने इंग्लंडला चकित केले होते.

हा क्लब 'नॉन-लीग' होता. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये चार श्रेण्या मिळून ९२ क्लब असत. त्याबाहेरचे सारे नॉन-लीग. तेथील बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करत आणि संध्याकाळी सरावाला येत. विम्बल्डन तर १९६४ पर्यंत निव्वळ हौशी क्लब होता.

लीगमध्ये शिरायचे कसे? तेव्हा नॉन-लीगमधून थेट बढती नव्हती. दरवर्षी तळाच्या चार क्लबांना पुन्हा निवडून यावे लागे, बाहेरचे इच्छुक त्यांच्याविरुद्ध उभे राहत, आणि मतदार कोण, तर लीगमधलेच क्लब! जुने जुन्यांना सांभाळून घेत. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या निवडणुका पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये.

१९७४ च्या उन्हाळ्यात बॅट्सफर्ड व्यवस्थापक म्हणून आला. त्यापूर्वी वॉल्टन अँड हर्शम या सरे परगण्यातील क्लबला त्याने १९७३ चा हौशी चषक जिंकून दिला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या संघाने ब्रायटनला त्यांच्याच मैदानावर ४-० असे हरवले. ब्रायटनचा व्यवस्थापक होता साक्षात ब्रायन क्लॉफ. येताना बॅट्सफर्डने तिथले काही विश्वासू खेळाडू सोबत आणले. त्यांत डेव्ह बॅसेट होता.

४ जानेवारी १९७५. एफए चषकाची तिसरी फेरी. पहिल्या श्रेणीतील बर्नलीच्या मैदानावर मिक माहोनने गोल केला आणि विम्बल्डन १-० ने जिंकले. नॉन-लीग संघाने सर्वोच्च श्रेणीच्या क्लबला त्याच्याच घरी हरवण्याची घटना अर्ध्या शतकाहून अधिक काळ घडली नव्हती.

पुढची गाठ लीड्सशी, म्हणजे गतविजेत्या लीगविजेत्यांशी. एलंड रोडवर विम्बल्डनचा बचाव तासाहून अधिक वेळ अभेद्य राहिला. अखेरच्या टप्प्यात बॅसेटने एडी ग्रेला पाडले : पेनल्टी. मारणारा पीटर लोरिमर, ज्याच्या फटक्याची गोलरक्षकांना धास्ती असे. डिकी गायने तो अडवला. सामना ०-० असा सुटला.

फेरसामन्याची गर्दी प्लाऊ लेनला झेपणारी नव्हती. तो सेल्हर्स्ट पार्कवर झाला आणि ४५ हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले. जॉनी जाइल्सचा फटका बॅसेटच्या अंगाला लागून जाळ्यात गेला. लीड्स १-० ने सुटले. बिचारा बॅसेट!

वृत्तपत्रांनी डिकी गायला डोक्यावर घेतले, ते योग्यच. पण बॅट्सफर्डचे खरे कर्तृत्व कमी झगमगाटाचे आहे. १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीन वर्षे विम्बल्डनने सदर्न लीग जिंकली. चषकात एक दिवस साधता येतो. चिखलातल्या लीग सामन्यांत, दिवसभराची नोकरी करून, तीन हंगाम अव्वल राहणे शिस्तीशिवाय जमत नाही.

तरीही विजेतेपद म्हणजे प्रवेश नव्हे. अखेर १९७७ च्या मतदानात विम्बल्डनला २७ मते पडली, वर्किंग्टनला २१. कंब्रिया परगण्यातील वर्किंग्टन १९५१ पासून लीगमध्ये होते. ते बाहेर गेले. लीड्सशी झालेली झुंज नसती तर ही मते मिळाली असती का, याची दाट शंका वाटते.

आणि बॅट्सफर्ड? लीगमधला पहिला हंगाम संपण्याआधीच, जानेवारी १९७८ मध्ये, त्याने पद सोडले.

पुढे बॅसेटच व्यवस्थापक झाला आणि १९८६ मध्ये त्याने क्लबला पहिल्या श्रेणीत नेले. १९८८ मध्ये, बॅसेट गेल्यानंतर, विम्बल्डनने लिव्हरपूलला हरवून एफए चषकही जिंकला. २००२ साली क्लबला मिल्टन कीन्सला हलवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढून पुन्हा नॉन-लीगच्या खालच्या पायऱ्यांपासून सुरुवात केली. डिकी गाय त्याचा अध्यक्ष झाला. २०११ मध्ये हा क्लब लीगमध्ये पोहोचला, तो पेनल्टी शूटआउट जिंकून. या वेळी कोणाकडे मते मागावी लागली नाहीत.