रस्त्यांवरील मीठफवारणी (ब्रिटन)

हिवाळ्यात रस्त्यावर बर्फाचा थर धरू नये, आणि धरलाच तर तो सुटावा, यासाठी खडेमीठ पसरण्याची ब्रिटनमधील सार्वजनिक व्यवस्था. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात ती सज्ज असते. मीठ पसरणाऱ्या ट्रकला ‘ग्रिटर’ म्हणतात. इंग्लंडमध्ये मोटरवे व प्रमुख महामार्ग ‘नॅशनल हायवेज’कडे, तर उरलेले रस्ते स्थानिक परिषदांकडे असतात. मुख्य रस्ते, बसमार्ग, रुग्णालये व अग्निशामक केंद्रांकडे जाणारे रस्ते यांना अग्रक्रम मिळतो. वस्तीतल्या गल्ल्या बहुधा वगळल्या जातात.

मिठाचे कार्य : शुद्ध पाणी ०° से. ला गोठते, त्यात मीठ विरघळले की गोठणबिंदू उतरतो. सुमारे २३ टक्के मीठ असलेल्या द्रावणात तो -२१° से. पर्यंत खाली येतो. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर -७° से. च्या खाली मिठाचा परिणाम मंदावतो आणि -१०° से. च्या सुमारास त्यावर विसंबता येत नाही. कोरडे मीठ स्वतः काहीच करीत नाही. त्याला ओलावा मिळून खारे पाणी तयार व्हावे लागते आणि वाहनांच्या चाकांखाली भरडले जाऊन ते रस्ताभर पसरावे लागते. त्यामुळे निर्मनुष्य रस्त्यावर मध्यरात्री टाकलेले मीठ पहाटेच्या पहिल्या गाडीला फारसे उपयोगी पडेलच असे नाही. उलट जोराचा पाऊस आला तर ते वाहून जाते, आणि पावसामागोमाग आभाळ निरभ्र होऊन पारा उतरला तर धुतलेला रस्ता गोठतो. चालकांच्या दृष्टीने ही सर्वांत फसवी रात्र होय.

मात्रा थोडीच असते. नुसत्या कडाक्याच्या थंडीसाठी दर चौ. मी. ला सुमारे १० ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे. हिमवृष्टीचा अंदाज असल्यास २० ते ४० ग्रॅम. मीठ बर्फाच्या आधी पडले तर थर रस्त्याला चिकटत नाही. साचलेले जाड हिम मात्र केवळ मिठाने हटत नाही. ते ट्रकच्या पुढे बसवलेल्या नांगराने बाजूला सारावे लागते.

विन्सफर्डची खाण : चेशर परगण्यातील ही खाण रस्त्यांच्या मिठाचा ब्रिटनमधील प्रमुख स्रोत. १८४४ मध्ये कोळसा शोधताना येथे मिठाचे थर सापडले. १८९२ मध्ये खाण बंद पडली, १९२८ मध्ये पुन्हा सुरू झाली. थर ट्रायासिक कल्पातील, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे असून ते जमिनीखाली सुमारे १५० मी. खोलीवर आहेत. छताला आधार म्हणून मिठाचेच जाड खांब राखून मधली दालने पोखरली जातात. मिठात चिकणमातीचा अंश असल्याने त्याला तपकिरी-गुलाबी रंग येतो. ते शुद्ध करीत नाहीत, कारण रस्त्याला पांढरे मीठ लागत नाही. ढेकळे होऊ नयेत म्हणून त्यात सोडियम फेरोसायनाइड अत्यल्प प्रमाणात मिसळतात. पोखरून झालेल्या दालनांतील हवा बारमाही कोरडी व एकसारख्या तापमानाची असल्याने त्यांपैकी काही भागात १९९८ पासून अभिलेख साठवले जातात. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे दस्तऐवजही तेथे आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये किलरूट येथेही खडेमिठाची खाण आहे.

२००९-१० च्या हिवाळ्यात मिठाचा साठा आटला. जानेवारी २०१० मध्ये परिषदांना वापर २५ टक्क्यांनी घटवण्यास सांगावे लागले आणि परदेशातून मीठ आणावे लागले. त्यानंतर डेव्हिड क्वार्म्बी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने साठ्याच्या नियोजनाचा आढावा घेतला. लगेचच आलेला डिसेंबर २०१० हा १९१० पासूनच्या नोंदींतला देशातील सर्वांत थंड डिसेंबर ठरला.

निर्णय : हवेचे नव्हे, रस्त्याच्या पृष्ठभागाचे तापमान महत्त्वाचे. ते मोजणारे संवेदक डांबरातच बसवलेले असतात. १९८० च्या दशकात गाडीला अवरक्त तापमापक लावून, रात्री मार्ग पिंजून, कोणता तुकडा किती गार पडतो याचे नकाशे करण्याची पद्धत रुळली. दुपारच्या अंदाजावरून त्या रात्रीचे मार्ग व मात्रा ठरतात.

कायदा : १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टनुसार रस्त्याची देखभाल हे प्राधिकरणाचे कर्तव्य होते; मात्र बर्फ हटवणे त्यात येत नाही, असा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने २००० मध्ये ईस्ट ससेक्स काउंटीविरुद्धच्या खटल्यात दिला. जानेवारी २००३ च्या अखेरीस झालेल्या हिमवृष्टीत एम-११ मोटरवेवर अडकलेल्या लोकांना गाड्यांतच रात्र काढावी लागली. त्याच वर्षी कलम ४१ मध्ये भर घालून, हिम-बर्फामुळे वाहतूक धोक्यात येऊ नये यासाठी व्यवहार्य असेल तेवढी काळजी घेणे बंधनकारक झाले. ‘व्यवहार्य’ म्हणजे किती, हे प्रकरणागणिक ठरते. स्कॉटलंडमध्ये १९८४ चा स्वतंत्र कायदा लागू आहे.

वाहन चालवणे : मीठ पडलेला रस्ता सुरक्षित असतोच, असे चालकाने मुळीच धरून चालू नये. ताशी ३० मैल (४८ किमी.) वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे २३ मी. अंतरात थांबते, ‘हायवे कोड’नुसार बर्फावर हे अंतर दहापट होऊ शकते. ‘ब्लॅक आइस’ हा पातळ पारदर्शक थर असून त्यातून डांबरच दिसते. पूल वरून व खालूनही गार होत असल्याने तेथे तो आधी धरतो. झाडांच्या सावलीतली वळणेही तशीच. निघण्यापूर्वी सर्व काचा, दिवे व नंबर प्लेट साफ कराव्यात आणि टपावरचे हिम काढून टाकावे. काचेवर उकळते पाणी ओतू नये, काच तडकते. शक्य तितक्या वरच्या गिअरमध्ये सावकाश चालवावे; ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर व स्टिअरिंग यांना झटका देऊ नये. मागची चाके घसरू लागली तर पाय पेडलवरून काढून, गाडीचा मागचा भाग ज्या बाजूला जातो त्याच बाजूला स्टिअरिंग वळवावे. ग्रिटरच्या मागे अंतर राखावे. नांगर लावलेल्या ट्रकला, पुढची लेन मोकळी केलेली नसेल तर, ओलांडू नये. हिवाळी टायर ब्रिटनमध्ये सक्तीचे नाहीत. भारतीय परवान्यावर तेथे पहिले १२ महिने गाडी चालवता येते. त्यामुळे नव्याने गेलेल्या मराठी चालकाचा पहिला हिवाळा बर्फावरील कोणत्याही सरावाविना येऊ शकतो.

दुष्परिणाम : क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपून आतली सळई गंजवते. बर्मिंगहॅमजवळच्या मिडलंड लिंक्स या उन्नत मार्गांना याचा मोठा फटका बसला. डॅनिश स्कर्व्हीग्रास ही समुद्रकाठची वनस्पती खारावलेल्या कडेने देशाच्या आतल्या भागात पसरली आहे.

पादपथ : काही ठिकाणी पिवळ्या पेट्यांत मीठ ठेवलेले असते, ते रहिवाशांनी स्वतः पसरायचे असते.