गोड पाण्याचं गाव

आमच्या दादीसाच्या लेखी पाणी तीन जातींचं होतं. पावसाचं, नाडीत म्हणजे गावतळ्यात नि टाक्यात साठलेलं ते पालर. वाळूखालच्या ओलीतून झिरपून आलेलं ते रेजाणी. आणि खोल विहिरीतलं ते पाताळपाणी. पाताळपाण्यातही प्रतवारी असे: गुरांचं, कपड्यांचं आणि चुलीचं. परीक्षा एकच, डाळ. घटकाभरात डाळ मऊ झाली तर पाणी गोड. दाणा टणक राहिला तर त्या विहिरीवर हंडा न्यायचा नाही. जालन्यात नळाचं पाणी आल्यावरही तिने आधी तुरीची डाळ शिजवून पाहिली होती.

आमचे पूर्वज मारवाड सोडून निघाले ते छप्पनियात, म्हणजे विक्रम संवत १९५६ च्या, १८९९-१९०० सालच्या दुष्काळात. जालन्याच्या बाजारात ते स्थिरावले, पण सोयरिकी नागौरकडच्याच होत राहिल्या. दादीसाही तिकडूनच लग्न होऊन आली. तिच्या पीहरच्या गोष्टींत उंट कमी आणि नाडीच जास्त. नाडीत पाणी आणणारी जमीन म्हणजे आगोर. तिथे पायताण घालून जायचं नाही, गुरं सोडायची नाहीत. पाऊस वर्षाकाठी तीन-चारशे मिलिमीटर. त्यात गाव आणि गुरं जगवायची.

पण दादीसा ही गोष्ट गोडगोड करून सांगत नसे. त्याच नाडीच्या पाण्यातून नारू होई. तिच्या आईच्या घोट्याजवळ फोड आला, फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावला. लिंबाच्या काडीला त्याचं टोक गुंडाळायचं आणि रोज बोटभर ओढायचं. घाईने ओढला आणि तुटला, तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने खाटेवर. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानातच, जोधपूर जिल्ह्यात सापडला. नारूचं हे भय होतं, म्हणूनच गावात हातपंप आला तेव्हा गूळ वाटला गेला. बंद तोंडाचं, खोलातलं, नितळ पाणी! दादीसाचे धाकटे भाऊ, आमचे मामोसा, सांगायचे, ‘डाळ तर अशी शिजली, की रवी फिरवायलाच नको.’

त्या पंपाचं मूळ आमच्याच गावात होतं, हे मला फार उशिरा कळलं. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनने मराठवाड्यातल्या खेड्यांसाठी घडवलेला जालना पंप, त्यावरून पुढे झालेला सोलापूर पंप आणि त्यावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साथीने तयार झालेला इंडिया मार्क टू. तोच देशभर लागला.

पुढे एका लग्नासाठी मी त्या गावी गेलो, तेव्हा मामोसा साठीचे असतील. आशीर्वाद द्यायला ते उठले, पण मान वर होईना. कमरेतून वाकलेलं शरीर तसंच राहिलं. दात मात्र पांढरेशुभ्र. त्यांचा मुलगा ताठ चालत होता, पण फोटो काढताना ओठ मिटून घेई. दातांवर तपकिरी पट्टे आणि खड्डे. कारण एकच, फ्लोराईड. लहानपणी दात घडत असताना ते पोटात गेलं तर दातांवर उमटतं. वर्षानुवर्षं गेलं तर हाडांत साचतं, सांधे नि कणा आखडतो. मामोसांचं बालपण नाडीवर गेलं, मुलाचं पंपावर. नागौरकडच्या या पट्ट्याला लोक ‘बांका पट्टी’, म्हणजे वाकलेल्यांचा पट्टा, म्हणतात.

लिटरमागे एक मिलिग्रॅम ही आपल्याकडची इष्ट मर्यादा. दुसरं पाणीच नसेल तर दीड. फ्लोराईडला ना चव ना वास. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होतं. उन्हाच्या मुलखात माणूस पितोही जास्त. आणि खरी मेख डाळीतच आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की ते फ्लोराईडला बांधून ठेवतं. असं जड पाणी डाळ शिजू देत नाही. कॅल्शियम कमी आणि सोड्याचा अंश जास्त असलेल्या पाण्यात डाळ झटकन शिजते, आणि खडकातलं फ्लोराईडही त्यातच सहज उतरतं. पिढ्यान् पिढ्यांची परीक्षा नेमक्या घातक पाण्यालाच पास करत होती.

उपाय निघाले. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याने फ्लोराईड खाली बसवण्याची नालगोंडा पद्धत तयार केली. पण मात्रा रोज मोजायची, साका रोज फेकायचा, हे घरोघरी टिकणं अवघड. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी नळाने नागौरकडे येऊ लागलं. मामोसांच्या घरी मात्र पिण्यासाठी अंगणातलं टाकं पुन्हा घासून घेतलं: पाणी गच्चीवरच्या पावसाचं, तोंडाला झाकण, उपसायला छोटा पंप. नाडीतलं पालर परत आलं, नारूचं भय वगळून. वाकलेली कंबर मात्र कुठल्याच पाण्याने सरळ होत नाही.

जिभेला आणि चुलीला जेवढं कळतं, तेवढं जुन्या माणसांनी ओळखलं होतं. त्यापलीकडचं सांगणं हे पंप बसवणाऱ्यांचं काम होतं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत हेच दुखणं आहे. तरी बोअरला पाणी लागलं की नारळ फुटतो, कुणीतरी ओंजळभर पितो आणि गोड असल्याचं जाहीर करतो. नारळाबरोबर एक बाटली प्रयोगशाळेतही जायला हवी. मामोसांना हे सांगणारं कुणी नव्हतं. आपली ती सबब चालणार नाही.