वॉर्डातली वही

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जॉन फ्लिंट साउथ नावाचे एक नामांकित शल्यचिकित्सक होते. १८५७ साली त्यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांविषयी एक पुस्तिका लिहिली. परिचारिका म्हणजे घरकामाच्या मोलकरणीसारखीच, पोटीस करण्यापलीकडे तिला फारसं काही शिकवावं लागत नाही, असं त्यांनी त्यात म्हटलं. साउथ हे काही अडाणी गृहस्थ नव्हते. त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांचं मत तेच होतं.

तीनच वर्षांनी, २४ जून १८६० रोजी, त्याच रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी केलेल्या कामाबद्दल कृतज्ञता म्हणून लोकांनी वर्गणी काढली होती. त्यातून सुमारे ४४ हजार पौंड जमले होते आणि त्याच पैशावर ही शाळा उभी राहिली. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या. शिक्षण एक वर्षाचं. राहणं-जेवण फुकट, प्रत्येकीला झोपायला स्वतंत्र खोली आणि वर्षाला १० पौंड.

या मुलींनी अभ्यास करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? परिचारिकांसाठी लिहिलेली पाठ्यपुस्तकं तेव्हा जवळपास नव्हतीच. अभ्यासाचं मुख्य साधन होतं वॉर्ड, आणि दुसरं साधन होतं वही. शिकाऊ परिचारिकेने व्याख्यानाची टिपणं घ्यायची, रुग्णांच्या नोंदी लिहायच्या आणि आपण काय काम केलं त्याची रोजनिशी ठेवायची, अशी अपेक्षा असे. नाइटिंगेलबाई स्वतः आजारपणामुळे घराबाहेर क्वचितच पडत, पण या वह्या त्या मागवून वाचत. त्यांना ही सवय जुनीच होती. श्रीमंत घरातल्या मुलीने रुग्णालयात जाणं घरच्यांना मुळीच मान्य नव्हतं, तेव्हा त्या पहाटे उठून दिव्याच्या उजेडात रुग्णालयांचे अहवाल वाचत आणि वह्यांमागून वह्या आकड्यांनी भरून काढत.

मेट्रन सारा वॉर्डरोपर प्रत्येक मुलीचा एक तक्ता भरत. एका बाजूला वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा. दुसऱ्या बाजूला कामं. भाजलेल्या जखमांवर पट्टी बांधणं, जळवा लावणं, एनिमा देणं, हलता न येणाऱ्या रुग्णाची कूस बदलणं, शय्याव्रण होऊ न देणं, आजाऱ्याचं जेवण रांधणं, वॉर्डात हवा खेळती ठेवणं. पुढे एक रकाना निरीक्षणाचा होता आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नाडी, त्वचा, श्वास, झोप, भूक, थुंकी, शुद्ध आहे की भ्रम झाला आहे, जखमेची स्थिती, आहाराचा आणि औषधाचा परिणाम, एवढं सगळं तिला पाहून सांगता यायला हवं होतं. डॉक्टर वॉर्डात फेरीपुरते येतात. मधल्या तासांत रुग्णाचं काय झालं, हे तिच्याशिवाय कोण सांगणार?

पण निरीक्षण शिकवायचं कसं? ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या आपल्या पुस्तकात नाइटिंगेल यांनी त्यावर बरंच लिहिलं आहे. ‘रात्री झोप चांगली लागली का?’ हा प्रश्न त्यांना निरुपयोगी वाटे. सलग दहा तास झोप लागली नाही तर एखाद्याला ती वाईट रात्र वाटते. दुसरा वरचेवर जागा होऊनही ‘बरी गेली’ म्हणतो. म्हणून किती तास झोपलात आणि रात्रीच्या कोणत्या वेळी, असं विचारायचं. (‘समजलं का?’ असं वर्गाला विचारणाऱ्या आपल्यालाही हे लागू पडतं.)

त्याच पुस्तकात एका फ्रेंच जादूगाराची गोष्ट आहे. हा गृहस्थ मुलाला घेऊन खेळण्यांच्या दुकानावरून भरभर चालत जाई. मग दोघंही काचेमागे काय काय दिसलं ते कागदावर लिहून काढत आणि परत जाऊन ताडून पाहत. बापाने ३० वस्तू सांगितल्या तर मुलगा ४० सांगे, आणि सहसा चुकत नसे. असा सराव परिचारिकांना तर हवाच, असं नाइटिंगेल म्हणतात. मला यातलं ‘परत जाऊन ताडून पाहणं’ फार मोलाचं वाटतं. नुसतं पाहून लिहिलं तर चूक कुठे झाली ते कळत नाही.

कागदावर ही पद्धत उत्तम होती. प्रत्यक्षात काय झालं? दिवस वॉर्डात सुरू होई आणि वॉर्डातच संपे. एखादी दांडगी जखम धुवायची असेल, रुग्णाचं अंथरूण बदलायचं असेल, तर व्याख्यान राहून जाई. शिकाऊ मुली म्हणजे रुग्णालयाला मिळालेले स्वस्त हात होते. वही लिहायची ती रात्री, पेंगत. १८७२च्या सुमारास नाइटिंगेल यांनी शाळेत बारकाईने लक्ष घातलं, तेव्हा आणखीच धक्कादायक गोष्ट बाहेर आली. व्याख्यानं द्यायची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते निवासी वैद्यकीय अधिकारी व्हिटफील्ड कित्येक वर्षं ती नीट देतच नव्हते. त्यांना दारूचं व्यसन होतं. बाहेर सगळ्या जगात या शाळेचं नाव झालं होतं, आणि आत वर्ग भरतच नव्हता!

प्रयोग न करता प्रयोगवही पूर्ण करणं आपल्याला काही नवीन नाही. मार्च जवळ आला की शाळाशाळांतून एकाची वही दुसऱ्याकडे फिरते. तिथे मुलांना रागावून फार उपयोग होत नाही. प्रयोगाला तास मिळाला होता का, हे आधी पाहावं लागतं.

नाइटिंगेल यांनीही मुलींना दोष दिला नाही. व्हिटफील्ड यांच्या जागी जॉन क्रॉफ्ट हे शल्यचिकित्सक आले. ते व्याख्यानं नेमाने देत, आपली टिपणं छापून देत आणि काय वाचावं तेही सुचवत. शिवाय ‘होम सिस्टर’ हे नवं पद निर्माण झालं. वॉर्डाबाहेर, मुलींच्या वसतिगृहात, त्यांच्याकडून व्याख्यानाची उजळणी करून घेणारं आणि वह्या पाहणारं हक्काचं माणूस. मेरी क्रॉसलँड यांनी १८७५ ते १८९६ अशी २१ वर्षं हे काम केलं. आज नर्सिंग कॉलेजात ट्यूटर असतात, त्यांची ही पूर्वज म्हणायला हरकत नाही.

तरीही मूळ अडचण कायम होती. थकलेलं शरीर रात्री शिकत नाही. तिला हात घातला रेबेका स्ट्राँग यांनी. त्या १८६७ साली याच शाळेत शिकायला आल्या होत्या. पुढे ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीच्या मेट्रन झाल्या. याच रुग्णालयात १८६५ साली लिस्टर यांनी कार्बॉलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करायला सुरुवात केली होती. आता परिचारिकेने हात आणि उपकरणं का धुवायची, हे तिला समजणं रुग्णाच्या जिवाचा प्रश्न झाला होता. नुसतं ‘सांगितलं म्हणून’ धुणारी बाई घाईत धुवायचं विसरते. शल्यचिकित्सक विल्यम मॅक्यूअन यांच्या साथीने स्ट्राँग यांनी १८९३ मध्ये नवा क्रम लावला. आधी वर्गात शरीररचना, शरीरक्रिया आणि आरोग्यशास्त्र शिकायचं, परीक्षा द्यायची आणि मगच वॉर्डात पाऊल टाकायचं. त्या काळात मुलीवर वॉर्डाचं काम नाही. दोनच वर्षांनी लंडन हॉस्पिटलनेही वॉर्डापूर्वीचं असं शिक्षण सुरू केलं.

परीक्षेला मात्र स्वतः नाइटिंगेल यांचा विरोध होता. १८८७ नंतर परिचारिकांची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करावी अशी चळवळ सुरू झाली, तेव्हा त्या ठामपणे विरुद्ध बाजूला उभ्या राहिल्या. पाठांतर कागदावर मोजता येतं. रात्री दोन वाजता कुशीवर वळवताना रुग्णाला दुखू नये म्हणून घेतलेली काळजी मोजता येत नाही, अशी त्यांची शंका होती. शंका खोटी नव्हती. पण परीक्षा नसेल तर शिकवलं गेलं की नाही हेही कळत नाही, आणि त्याचा अनुभव त्यांच्याच शाळेने घेतला होता. मला या वादात स्ट्राँग यांची बाजू अधिक पटते. निरीक्षणाचा तो रकाना मात्र मी काढू दिला नसता.

नोंदणीचा कायदा ब्रिटनमध्ये १९१९ साली झाला, नाइटिंगेल यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. इंग्लंडमधली पहिली सरकारी परीक्षा १९२५ साली झाली. रेबेका स्ट्राँग तेव्हा ऐंशी ओलांडून गेल्या होत्या. पुढे त्या वयाची शंभरी पूर्ण करून १९४४ साली वारल्या.