पन्नास सीसीचा हिशोब

19 मार्च 2009. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये एका अडुसष्ट वर्षांच्या दुकानदाराने आधी जाहीर करून, पत्रकारांसमोर कायदा मोडला. गुन्हा काय, तर त्याने लहान मुलांच्या मोटरसायकली विकल्या.

दुकानदाराचं नाव माल्कम स्मिथ. ऑफरोड रेसिंगमधलं मोठं नाव. त्याने हे का केलं, ते कळायला दोन वर्षं मागे जावं लागेल. 2007 मध्ये चीनमध्ये बनलेल्या खेळण्यांच्या रंगात शिसं सापडलं आणि मॅटेलसारख्या कंपनीला लाखो खेळणी परत मागवावी लागली. अमेरिकेतले आईबाप हादरले, ते साहजिकच होतं. 2008 मध्ये कायदा आला: बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेल्या वस्तूत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 600 भागांपेक्षा जास्त नको. 10 फेब्रुवारी 2009 पासून अंमल सुरू झाला.

आता गंमत बघा. बॅटरीच्या टर्मिनलमध्ये शिसं असतं. टायरच्या व्हॉल्व्हमध्ये, काही मिश्रधातूंच्या भागांतही थोडं असतं. म्हणजे पन्नास सीसीची मोटरसायकल कायद्याच्या लेखी विषारी खेळणं ठरली. पोरगं गाडी चालवायची सोडून व्हॉल्व्ह चघळत बसेल, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं! डीलरांनी छोट्या गाड्या शोरूममधून उचलून गोदामात कोंडल्या. अडीचशे सीसीच्या मोठ्या गाड्या मात्र राजरोस विकल्या जात होत्या.

स्मिथचा राग यावरच होता. आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाची गाडी मिळाली नाही, तर ते घरातल्या मोठ्या गाडीवर बसणार. पाय जमिनीला टेकणार नाहीत आणि गाडी अंगावर पडली तर उचलता येणार नाही. शिशापेक्षा हा धोका कितीतरी जवळचा.

त्या दिवशी स्मिथच्या दुकानात जेफ वॉर्डही होता. या दोघांची गाठ जुनी. 1971 मध्ये ब्रूस ब्राउनचा ‘ऑन एनी संडे’ हा मोटरसायकलींवरचा माहितीपट आला. त्यात स्टीव्ह मॅक्वीनबरोबर स्मिथ आहे आणि चिमुकल्या होंडावर पुढचं चाक उचलून जाणारं एक पोरगंही आहे. ते पोरगं म्हणजे वॉर्ड. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला. त्याच्या हातात ती छोटी गाडी पडली नसती तर? या प्रश्नाला उत्तर नाही, पण 2009 मध्ये तो स्मिथच्या बाजूने का उभा राहिला, हे समजायला तेवढं पुरे.

ती छोटी होंडा मुळात खेळणंच होती. 1961 मध्ये टोकियोजवळच्या टामा टेक या करमणूक उद्यानासाठी होंडाने एक इवलीशी मोटरसायकल बनवली. तिचीच पुढची पिढी 1968 मध्ये मिनी ट्रेल 50 म्हणून अमेरिकेत विकायला आली. त्या पोरांना शर्यत लावायची हौस आली आणि बापांचा खर्च सुरू झाला.

1973 मध्ये होंडाची एक्सआर75 आली: फोर-स्ट्रोक, दणकट, 72 सीसी. 1974 मध्ये यामाहाने वायझेड80 आणली: टू-स्ट्रोक, हलकी, चपळ. आणि घराघरात वाद सुरू झाला. पोराला जिंकायचं असेल तर टू-स्ट्रोक, पण रेस टू-स्ट्रोकचं पिस्टन-रिंगचं काम सारखं निघतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याचं प्रमाण चुकलं तर इंजिन जाम. (जुनी चेतक चालवलेल्या आजोबांना विचारा.) फोर-स्ट्रोक घ्यावी तर टिकते, पण मागे पडते. मग बाप गॅरेजमध्ये रात्री जागून तिचं इंजिन बोअर करणार, सस्पेन्शन बदलणार आणि शेवटी दुसऱ्या गाडीएवढे पैसे त्याच गाडीत घालणार.

1981 मध्ये आलेल्या यामाहा पीडब्ल्यू50 ने सुरुवात तरी सोपी केली. गिअर नाहीत, चेनऐवजी शाफ्ट, आणि थ्रॉटलला एक स्क्रू. तो आवळला की पोराने कितीही मूठ पिळली तरी गाडी ठरावीक वेगापुढे जात नाही. पालकांसाठी याहून चांगला शोध मोटरसायकलच्या दुनियेत लागला असेल, असं मला वाटत नाही. पण पीडब्ल्यूवर शर्यत जिंकता येत नाही. शर्यतीसाठी पुढे पन्नास, पासष्ट आणि पंच्याऐंशी सीसी असे गट रुळले. वय आणि उंची वाढली की गट बदलतो, आणि गट बदलला की गाडी. म्हणजे शाळकरी वयातच तीन गाड्या. म्हणूनच या खेळात सेकंडहँड बाजार इतका तेजीत असतो. एकाच्या धाकट्याची गाडी दुसऱ्याच्या थोरल्याकडे जाते.

स्मिथवर कारवाई झाली नाही. मे 2009 मध्ये सरकारी आयोगाने अंमलबजावणी स्थगित केली, आणि मुलं मोठ्या गाड्यांकडे वळण्याचा धोका मान्यही केला. ऑगस्ट 2011 मध्ये दुरुस्ती होऊन मुलांच्या मोटरसायकली कायद्यातून वगळल्या गेल्या. स्मिथ नोव्हेंबर 2024 मध्ये वारला.

त्याच महिन्यात केटीएमने भारतात मुलांच्या मोटोक्रॉस गाड्या आणल्या, आणि इथून ही गोष्ट आपल्या घरात शिरते. पुण्याच्या बजाज ऑटोने 2007 मध्ये या ऑस्ट्रियन कंपनीचे साडेचौदा टक्के शेअर घेतले होते. 2025 मध्ये कंपनीचा ताबाच बजाजकडे आला. चाकणला ड्यूक बनते, पण मुलांच्या या गाड्या आयात होऊन आल्या. त्या वेळच्या एक्स-शोरूम किमती: 50 एसएक्स 4.75 लाख, 65 एसएक्स 5.47 लाख, 85 एसएक्स 6.69 लाख. तिन्ही नव्या घेतल्या तर 16 लाख 91 हजार. हेल्मेट, बूट, छाती-पाठीचं कवच, टायर, सुट्टे भाग, ट्रॅकवर न्यायला टेम्पो, हे सगळं वेगळं. या गाड्यांना नंबरप्लेट नाही, पासिंग नाही. आरसी बुकावर बोजा चढवून कर्ज काढावं, तर आरसी बुकच नाही.

जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा परदेशी रायडरांच्या उड्या बघायला पुणेकरांनी गर्दी केली होती. त्यातही मुलांचा 85 सीसीचा गट होता. त्या गर्दीतलं एखादं नऊ वर्षांचं पोर घरी येऊन गाडी मागणार. अमेरिकेत कायद्याने जे केलं, ते इथे किंमत करते: मापाची गाडी परवडत नाही म्हणून पोरगं काकाच्या जुन्या दीडशे सीसीवर बसतं. बाबा, वर्षभर थांबू पण पासष्टच घेऊ, सेकंडहँड चालेल, असं म्हणणारी आई त्या घरात असेल, तर हप्त्याचा विचार नंतर. आधी त्या सीटवर पोराला बसवून बघायचं, दोन्ही पाय जमिनीला पोचतात का ते.